पाण्यावरून नेलेलं घर

चिलोए बेटावर घर हलवतात.
म्हणजे बिऱ्हाड नव्हे, घरच.
खिडक्यांसकट, धुराड्यासकट,
खाली ओंडके, पुढे बैलांच्या आठ जोड्या
आणि दोराला सगळी वाडी.
मजुरी कुणी घेत नाही.
संध्याकाळी मटण, बटाटे, सफरचंदाची दारू.
मध्ये समुद्र आला
तर भरतीची वाट बघतात, आणि तरंगवतात.

माझ्या आजीचं घर असं तरंगलं,
मोठ्या भूकंपानंतरच्या मार्चमध्ये, पौर्णिमेला.
किनारा खचला होता, विहीर खारी झाली होती.
"एदुविना, उतर!" लोक ओरडले.
तिने चुलीत आणखी एक लाकूड सारलं.
खाडीच्या मधोमध
घर चाललंय आणि धुराड्यातून धूर निघतोय,
हे वाडीत अजून सांगतात,
सांगतात आणि हसतात.
त्यातलं न हसण्याचं मला फार उशिरा कळलं.

बेलार्मिनो म्हणून एक होता.
आजी एकोणीस वर्षांची असताना दक्षिणेला गेला,
पातागोनियात, मेंढ्यांची लोकर कातरायला,
सगळे जात तसा.
बटाटे काढायच्या आत येतो म्हणाला.
कुठल्या वर्षीचे बटाटे, ते ठरलं नव्हतं.

सात हंगाम गेले.
मग तिने रेमिहियोशी लग्न केलं, माझ्या आजोबांशी.
रुंद पंजांचा माणूस. होडीच्या फटी बुजवणारा.
तिने त्याला एकच गोष्ट विचारली म्हणे,
"घर इथंच राहील ना?"
तो हो म्हणाला,
आणि बावीस वर्षं, जमीन होती तोवर,
शब्दाला जागला.

नव्या किनाऱ्यावर आल्यावर
आजोबा दर रविवारी वल्ही मारत पलीकडे जायचे.
मासे धरायला, म्हणायचे.
मासे फारसे आणायचे नाहीत.
माझी आई कांदेलारिया तेव्हा चौदा वर्षांची.
तिला वाटलं, तिकडे बाई आहे.
तिने बापाशी बोलणं टाकलं.
अठराव्या वर्षी पुएर्तो मोंतला निघून गेली,
आणि न बोलणं हीच एक वस्तू
माहेरून सोबत नेली.
माझ्या बापालाही तीच वाढली. मलाही.

आजोबांना पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी
मी होडी घेऊन पलीकडे गेले.
कंबरभर काटेरी झुडपं, पिवळी फुलं,
आणि मध्येच एक चौकोन, कापलेला, साफ.
बरोब्बर घराएवढा.
पायाचे दगड जागच्या जागी,
चुन्याने रंगवलेले,
लांबून येणाऱ्या होडीला दिसतील असे.
उंबऱ्याच्या दगडावर छिन्नीने कोरलेला
एक बाण.
मी बाणाच्या रोखाने पाहिलं.
पाण्यापलीकडे आमच्या घराची पिवळी भिंत.

तो आला असता
तर चुकू नये म्हणून.

आजीला माहीत होतं का?
ती त्याआधीच गेली होती, विचारायचं राहिलं.
पण रविवारी ती त्यांच्या डब्यात
दोन माणसांची भाकर घालायची.

मी सामनच्या कारखान्यात रात्रपाळी करते.
थंड पाण्यात बोटांना बोटं कळत नाहीत.
एराल्दो गेल्यापासून तीन खोल्या बदलल्या,
फोनचा नंबर बदलला नाही.
मैत्रिणी म्हणतात, स्वस्त योजना आहेत गं दुसऱ्या.
मी म्हणते, हो, बघते.

आईला मी बाणाचं सांगितलं.
ती बटाटे सोलत होती.
साल तुटू न देता सोलते ती, लांबच लांब.
बराच वेळ काही बोलली नाही.
साल तुटली.

"कोयता गंजला असेल आता," म्हणाली.
आणि मग, हात पुसत,
"सकाळची पहिली बोट किती वाजता असते?"